सगळी उत्तरं माहीत असलेले काका

एका मेलेल्या रेडिओ कार्यक्रमावर स्वतःच्या जावयापेक्षा जास्त जीव लावणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असावा, आणि तो नेमका पार्सिपनीत माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. नागपूरला वीज खात्यातून रिटायर होऊन लेकीकडे आलेले हे काका. इथल्या रेडिओवर फार पूर्वी प्रश्नोत्तरांचा एक कार्यक्रम लागायचा. पुढे तो टीव्हीवर गेला, तुफान चालला आणि बदनाम होऊन बंद पडला. लायब्ररीत काकांच्या हाती त्याची रेकॉर्डिंग्ज लागली, आणि तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचीच धडगत नाही.

हा इतिहास ते कुठेही सुरू करतात. लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालताना, पार्किंग लॉटमध्ये बर्फ उपसताना, बार्बेक्यूला कणसं भाजताना. तेही सरळ सांगत नाहीत, विचारतात. "रेडिओवर स्पर्धक गप्प बसला की ऐकणाऱ्याला कसं कळायचं? सांग." मग वाटीवर चमच्याने टिकटिक सुरू. आपण हरलो की समाधानाने स्वतःच उत्तर देतात. मंडळाच्या गणपतीत एकदा क्विझ घ्यायचं काम त्यांच्याकडे दिलं, तर सगळे प्रश्न त्या एकाच कार्यक्रमावरचे. एकालाही बक्षीस मिळालं नाही, महाप्रसाद थंडगार झाला, आणि काका म्हणतात, "बाप्पा, पब्लिकची काही तयारीच नाही."

टीव्हीवाल्यांवर त्यांचा विशेष राग. स्पर्धकाला काचेच्या खोलीत उभं करायचे आणि त्याला घाम फुटावा म्हणून आतली हवाच बंद करायचे, म्हणे. हे मला पटेना म्हणून भर ऑगस्टमध्ये त्यांनी मला माझ्याच गाडीत बसवलं, काचा वर केल्या, कानाला हेडफोन लावले आणि बाहेरून खुणेने प्रश्न विचारू लागले. शेवटी काकूंनी दार उघडून मला बाहेर काढलं आणि ताक दिलं. काका म्हणाले, "बघ, घाम आला ना? म्हणजे सोपा प्रश्नही अवघड वाटतो." प्रश्न काय होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण त्यांचा खरा जीव अडकलाय तो त्या भानगडीत. निर्माते आवडत्या स्पर्धकाला उत्तरं आधीच पुरवायचे, हे काका एक वेळ माफ करतात. "पण नावडत्या स्पर्धकाला हरवायला, त्याला येत असलेलं उत्तर येत नाही म्हणायला लावायचं?" एवढं बोलून ते कपाळाला हात लावतात. घरच्या कुणाचं काही बरंवाईट झाल्यासारखा चेहरा करतात.

अशा माणसाला नागरिकत्वाची परीक्षा म्हणजे दिवाळीच. पुरेशी उत्तरं बरोबर आल्यावर ऑफिसर थांबला, तर हे म्हणाले, उरलेलेही विचारा. मग काकूंची पाळी आली. त्याही सिटिझन झाल्या की दोघांनी कायमचं लेकीजवळ राहायचं, असं काकांनी ठरवून टाकलं. काकू पोळ्या लाटायच्या आणि काका शेजारी उभे राहून प्रश्न विचारायचे. काकू मान वर न करता पटापट उत्तरं द्यायच्या, वर "सरका, पीठ लागेल" म्हणायच्या. त्यांचं पाठांतर मी ऑफिसात लिहितो त्या कॉम्प्युटर कोडपेक्षा पक्कं होतं.

लेकीची मीटिंग होती म्हणून इंटरव्ह्यूच्या दिवशी मीच दोघांना घेऊन गेलो. काकू बाहेर आल्या, गाडीत बसल्या, सीट बेल्ट लावला.

"कसं झालं?" काकांनी विचारलं.

"नापास."

"काय विचारलं होतं?"

"इथली राजधानी."

"मग?"

"म्हटलं, माहीत नाही. पुढच्या प्रश्नांनाही तेच म्हटलं. बिचारा ऑफिसर दोन-दोनदा विचारत होता."

काका गर्रकन मागे वळले. येत असलेलं उत्तर येत नाही म्हणणं काकांना न कळायला काय झालं? म्हणाले, "मुद्दाम?"

"सिटिझन झालं की आपला पासपोर्ट जातो ना?"

"अगं, भारतात जायला ते दुसरं कार्ड मिळतं. कितीही वेळा जाता येतं."

"स्वतःच्या घरी कार्ड दाखवून जायचं? मला नागपूरला राहायचंय हो. इतके प्रश्न विचारलेत, पण मला इथे कायमचं राहायचंय का, हे विचारलंत कधी?"

मी गाडी सुरू केली. काका घर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, आणि खरं सांगतो, मला ते अजिबात आवडलं नाही.

परीक्षेची आणखी एक संधी मिळते. तिच्या तारखेचं पत्र आलं, तरी खालून प्रश्नांचा आवाज येईना. परवा डबा परत द्यायला खाली गेलो. दार उघडंच होतं. काकू तव्यापाशी होत्या, काका ओट्याला टेकून उभे.

"जायचं का आपण नागपूरला?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान. उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारणारे काका मी पहिल्यांदाच पाहत होतो.

काकूंनी पोळी उलटली. "मी तर जाईन. तुम्ही याल?"

आतल्या खोलीत नात इंग्रजीत काहीतरी पाठ करत होती. काका त्या दाराकडे बघत राहिले. मग काकूंकडे बघितलं. मी डबा हळूच ठेवला आणि वर निघून आलो. काकांनी काय उत्तर दिलं, ते विचारायचा धीर मला अजून होत नाही.