टपावर कोणी चढलंच नव्हतं

“साहेब, प्रेसनोट गेली. आता काहून या झंझटीत पडून राहिले तुम्ही?” इन्स्पेक्टर म्हणाले.

मी मेजर म्हणून निवृत्त होऊन धरमपेठेत राहायला आलो, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लष्करात माझं काम बॉम्ब निकामी करण्याचं. फुटलाच, तर कुठे आणि कसा ते शोधण्याचं. आदल्या आठवड्यात बसस्टँडवर उभ्या असलेल्या रामटेकच्या गाडीत अतिरेक्यांनी स्फोट केला. दोन माणसं गेली. पोलिसांचं म्हणणं, बॉम्ब टपावरच्या सामानात होता आणि ते सामान नामदेव हमालाने चढवलं. नामदेव कोठडीत होता.

याच नामदेवाने वीस वर्षं माझी काळी लोखंडी पेटी टपावर चढवली होती. सुटी मिळाली की मी रामटेकला आईकडे जायचो. पेटी दोराने करकचून बांधली की तो वरूनच ओरडायचा, “बसा आता बिनघोर, साहेब!” ती हाक आली की माझी सुटी सुरू. अजूनही आठवते.

“पंचनामा दाखवता?”

दाखवला. ‘टप फाटलेला आहे’, एवढंच.

“पत्रा वर वळलाय की आत?”

“फाटला म्हणजे फाटला ना जी!”

गोष्ट साधी असते. पत्रा बॉम्बपासून लांब वळतो. बॉम्ब टपावर असता, तर पत्रा आत, सीटांकडे दबला असता.

गाडी डेपोत ठेवली होती. मागची शिडी शाबूत होती.

“चढा,” मी म्हटलं.

“माही कमर दुखून राहिली.”

“दोन्ही पंचांचीही दुखत होती का?”

शेवटी आधी मीच चढलो. फाटलेल्या पत्र्याच्या सगळ्या कडा आभाळाकडे वळल्या होत्या. मग इन्स्पेक्टरही आले, त्यांनी कडेवरून सावकाश हात फिरवला.

“म्हणजे अंदर होता.”

“हो. आणि तुमचे साक्षीदार सांगतात ते सगळं टपाचं. नामदेव गाडीत शिरलेला एकानेही पाहिला नाही.”

मी दोन पानी रिपोर्ट दिला. पंधरवड्याने नामदेव सुटला. नवी प्रेसनोट काही निघाली नाही. बॉम्ब आत कोणी ठेवला, तेही मला कधी कळलं नाही. शिडी हाताशी असेल तर पंचनामा लिहिण्याआधी चढून पाहावं, एवढं सांगून मी गप्प बसलो असतो.

पण नामदेवाचं नाव पेपरात छापून आलं होतं. तो पुढे आला की लोक आपापल्या ट्रंका पोटाशी धरायचे. स्टँडवर दिवसभर नुसता उभा असतो, असं कळलं तेव्हा मला राहवेना. माळ्यावरची काळी पेटी काढली आणि स्टँड गाठला. गाडी भरत आली होती. नामदेवाने पेटी उचलली आणि थबकला.

“साहेब, इच्यात त काहीच नाही.”

“माहीत आहे. वर चढव. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मार.”