उलटं शाब्बास

आमचे हे शिक्के करतात. रबराचे. कुणाला दुकानाच्या नावाचा हवा असतो, कुणाला सहीचा, कुणाला नुसता 'पोहोचले' एवढाच. हल्ली यंत्रावर झटपट होतात, पण ह्यांच्यापुढे यंत्राचं नाव काढायची सोय नाही. डोळ्याला भिंग लावायचं, बारीक पातं घ्यायचं आणि अक्षर कोरत बसायचं. तेही उलटं. रबरावर उलटं असेल तरच कागदावर सुलटं उमटणार ना! इतकी वर्षं हेच करून ह्यांना उलटं अक्षरच सरळ वाटायला लागलंय, आणि वर ऐट अशी की जणू लिपी ह्यांच्याच घरची.

ठमी, आमची एकुलती एक लेक, शाळेत जायच्या आधीपासून दुकानात ह्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची. हे रबर पुढे धरायचे, "हा बघ क. आणि हा ग." पोरगी पटापट ओळखायला लागली. मी आपली खूश. म्हटलं, बापानं अभ्यास अंगावर घेतलाय, आपली एक काळजी मिटली. मिटते कसली डोंबलाची!

दुसरीत गेल्यावर बाईंनी आम्हा दोघांना शाळेत बोलावलं. ठमीनं लिहिलेला कागद समोर ठेवला. एकूण एक अक्षर आरशात दिसावं तसं, आणि ओळ उजवीकडून सुरू.

"या वयात एखादं अक्षर उलटतं मुलांचं," बाई म्हणाल्या, "पण हिचं सगळंच उलटं आहे, आणि किती नीटस! हे कुणीतरी बसून शिकवलंय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

"अक्षर सुधारेल हो. मला काळजी आहे ती वेगळीच. ती वर्गात तोंडच उघडत नाही. फळ्यावरचं वाच म्हटलं की मान खाली. मुलं तिला 'उलटी' म्हणतात. मी दटावते, पण माझ्या पाठीमागे म्हणतातच. आपण ढ आहोत असं तिच्या मनानं घेतलंय. ते एकदा घट्ट बसलं ना, की मग काढणं कठीण."

उलटी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून रडायची पोरगी, आणि मी तिला 'नाटकं पुरे' म्हणून शाळेत पिटाळत होते.

ह्यांना मात्र भलतंच लागलं. "माझ्या अक्षराला आजवर कुणी नाव ठेवलं नाही," म्हणाले.

"अहो, अक्षराला नाही ठेवलं," मी म्हणाले, "पोरीला ठेवलंय!"

तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. मग खाली बघूनच म्हणाले, "बाई, मी काय करू ते सांगा."

बाईंनी फार काही सांगितलं नाही. रोज थोडा वेळ तिच्याबरोबर गोष्टीचं पुस्तक वाचा, शब्दाखाली बोट फिरवा, चुकली तरी ओरडू नका. आणि जमेल तेव्हा वर्गात या, आईबाप इथे दिसले की मुलांना शाळा परकी वाटत नाही.

तेव्हापासून हे दुकान लवकर बंद करायला लागले. स्वयंपाकघरात फरशीवर दोघं पुस्तक उघडून बसायचे. पहिल्याच दिवशी ह्यांचं बोट निघालं उजवीकडून! "बाबा, इकडून!" ठमी खिदळली. कितीतरी दिवसांनी हसली पोरगी. माझी पोळी तव्यावर करपली, करपू दे म्हटलं. मग दोघं खडूनं फरशीवर सुलटी अक्षरं काढायचे, आणि मी रोज ती पुसायची. मीही बुधवारी वर्गात जायला लागले. पुस्तकांना कव्हरं घालायची, एकेका मुलाला शेजारी बसवून त्याचं वाचन ऐकायचं. ठमी घरी घडाघडा वाचायला लागली, पण वर्गात मात्र मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प.

एका बुधवारी हे ताजा शिक्का घेऊन वर्गात हजर. मुलांच्या कामावर मारायला बाईंसाठी 'शाब्बास' कोरला होता. छाती अशी फुगवलेली! बाईंनी कौतुकानं शाई लावली आणि मोठ्या कोऱ्या कागदावर शिक्का मारून सगळ्यांना दाखवला. मुलं बघतच राहिली. कुणाला काही वाचता येईना. ह्यांचा चेहरा पांढराफटक. रोज पोरीबरोबर सुलटं गिरवून गिरवून ह्यांचा हात वळला होता, आणि ह्यांनी रबरावर सरळ अक्षरं कोरली होती. कागदावर उमटलं ते सगळं उलटं!

"काय लिहिलंय हे?" एक मुलगा म्हणाला.

मागच्या बाकावरून ठमी उठली. "शाब्बास!" खणखणीत आवाजात म्हणाली. "शाब्बास लिहिलंय! तुम्हाला येत नाही वाचता?"

आख्खा वर्ग तिच्याकडे वळला. "तुला कसं आलं गं?" "मला दाखव ना!" "माझं नाव लिहून दाखव तसं!" ती तडक फळ्याकडे गेली, खडू उचलला आणि प्रत्येकाचं नाव आधी उलटं, मग त्याखाली सुलटं लिहीत सुटली. वाचूनही दाखवत होती. माझे डोळे भरून आले, लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

हे ओशाळून बाईंना म्हणाले, "द्या तो, दुसरा करून आणतो."

"दुसरा जरूर आणा," बाई म्हणाल्या, "पण हा मी देणार नाही."

घरी जाताना ठमीनं बापाचं बोट धरलं होतं. "बाबा, तुझं आता छान सुलटं झालंय," ती समजावत होती, "पण शिक्का उलटाच करायचा असतो. उद्या बस माझ्याशेजारी, मी शिकवते."