न दिसणाऱ्याचं ऐकणारा माणूस

कुणी घाईने काही सुचवलं की ते आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि मग म्हणायचे, "थांबू या की थोडं." तेवढ्या वेळात सुचवणाऱ्याचा निम्मा उत्साह मावळलेला असायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. असेल तर माझी चिडचिड तुम्हाला समजेल.

भोपाळच्या कारखान्यात आम्ही एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात होतो आणि सोनागिरी वसाहतीत शेजारी राहत होतो, भिंतीला भिंत लागून. ते नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. ते काम त्यांचं. सगळे त्यांना दादा म्हणत. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर ते रंध्याला हात लावत नसत. एकदा साहेबांनी तातडी केली, दादांनी चष्मा पुसला, आणि साहेबांनी मेमो दिला. तोच नमुना दुसऱ्याकडून करून घेतला, तो आठवड्यात वाकला. मेमो मात्र कुणी परत घेतला नाही. घ्या असं दादांनी म्हटलंही नाही. मला राग यायचा तो याचा.

विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी मशीन पुसून लख्ख करण्यात ते सगळ्यांच्या पुढे असत. पूजेच्या वेळी मात्र बाहेर, दाराशी उभे राहत. एका वर्षी लोकांनी गळ घातली, "दादा, इस बार मूर्ति आप ही बनाओ." हात तसाच होता त्यांचा. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. बरेच जण नाराज झाले, मीही झालो. चहाच्या वेळी मी विचारलंच, की माझ्या घरी गणपती बसतो, मग मी काय चुकतो?

"तुमच्या गणपतीशी माझं भांडण नाही हो," ते म्हणाले. "मला सांगितलंय, हाताने घडवलेल्यापुढे वाकू नको. सांगणारा दिसत नाही. दिसला असता तर कुणीही ऐकलं असतं."

मी चहा संपवून उठलो. अशा माणसाशी वाद तरी काय घालणार?

मग दादांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, पक्षाघाताचा झटका आला. सकाळी कणीक मळता मळता त्या परातीवरच कलंडल्या. चर्चमध्ये गाणाऱ्या बाई त्या. स्वयंपाक करतानाही गुणगुणायच्या, आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. दादांनी डॉक्टरांच्या सांगण्यात एका गोळीचीही कसर केली नाही. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई मोबाइलवर व्हिडिओ पाठवत. ड्यूटीवरून आले की दादा हातपाय धुऊन, वहिनींसमोर आरसा धरून बसत. "म्हण, आ. म्हण, मा. म्हण, पाणी." त्या ओठ हलवत, आवाज येत नसे. गाणं ऐकू यायचं त्याच भिंतीतून आता एकट्या दादांचा आवाज यायचा. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. शेवटी त्या वेळेला मी मुद्दाम टीव्ही मोठ्याने लावू लागलो.

माझ्या बायकोला कुणीतरी रायसेनच्या रस्त्यावरच्या एका बाबांबद्दल सांगितलं. त्यांच्या ताईताने मुकी माणसं बोलू लागली म्हणे. मी दादांना सांगितलं. चष्मा निघाला. त्या दिवशी माझा तोल गेला. "दादा, तुम्हाला बायकोपेक्षा हट्ट मोठा आहे," असं मी त्यांच्या दारात उभं राहून म्हणालो.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हट्ट असता तर बरं झालं असतं. हट्टी माणसाला झोप लागते."

यानंतर महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. मग एका रविवारी दुपारी ते स्वतःच आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "ते तुमचं... आणा."

मला आनंद झाला, हे कबूल करतो. वहिनींसाठी झालाच, पण दादा वाकले याचाही झाला. तशीच स्कूटर काढली, उन्हात रांगेत उभा राहिलो आणि काळ्या दोऱ्यातला ताईत घेऊन आलो.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. आरसा मांडीवर होता. दादांनी माझ्या हातून ताईत घेतला आणि तो बांधायला त्यांच्या गळ्याशी नेला. वहिनींनी तो पाहिला. डावा हात उचलून त्यांनी दादांचा हात बाजूला केला. दादांना वाटलं, दोरा टोचला असेल. त्यांनी पुन्हा नेला. या वेळी वहिनींनी त्यांचं मनगट पकडलं आणि सोडलंच नाही. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. चुकलेल्या पोराकडे आई बघते तसं त्या बघत होत्या. मग त्यांनी मनगट सोडलं आणि मांडीवरचा आरसा त्यांच्याकडे सरकवला.

दादा खालीच बसले. वहिनींच्या गुडघ्यावर डोकं टेकून ते रडले. मी ताईत हातात घेऊन उभा होतो आणि खरं सांगू, मला दोघांचाही राग आला होता. एवढ्या उन्हात मी कुणासाठी गेलो होतो? थोड्या वेळाने दादांनी तोंड धुतलं, आरसा धरला आणि म्हणाले, "म्हण, आ."

इथे वहिनी बोलल्या असं सांगता आलं तर मलाही आवडलं असतं. त्या बोलल्या नाहीत. दादा निवृत्त झाले, तरी नाही. नगरला परत जायचं त्यांच्या मनात होतं. तिथे घराची डागडुजी चालली होती. इकडे व्यायाम रोज चालू होते. नगरला जायच्या आधीच, एका सकाळी चहा पिताना, दादा गेले. कप विसळायला वेळही मिळाला नाही. मी दफनाला उभा होतो. पाळकांनी विश्वासाबद्दल चांगले शब्द सांगितले, पण माझ्या मनात एकच प्रश्न होता: या माणसाला एक शब्द ऐकवायला देवाला असा किती वेळ लागला असता? माझ्या गणपतीलाही मी घरी येऊन तेच विचारलं.

पंधरा दिवसांनी वहिनींची बहीण त्यांना न्यायला आली. सामान टेंपोत चढलं होतं, वहिनी गाडीत पुढे बसल्या होत्या. मला नातीला शाळेतून आणायचं होतं. मी खिडकीशी वाकून, काळजी घ्या, असं काहीतरी म्हणालो.

त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. ओठ हलले. थांबले. परत हलले. आणि आवाज आला. घोगरा, तुटका, पण आवाज. दोन अक्षरं असतील, तीन असतील. तेवढ्यात मागून टेंपोवाल्याने हॉर्न दिला. माझं लक्ष घड्याळाकडे गेलं होतं.

"हो, हो वहिनी," मी म्हणालो. त्यांनी समाधानाने बाही सोडली आणि गाडी निघाली.

नंतर मी त्यांच्या बहिणीला दोनदा फोन केला. ती म्हणते, काही बोलत नाही हो ती. मी हो म्हणालो ते कोणत्या शब्दाला, हे मला अजून माहीत नाही.