शोभाच्या नावावरचा माफीनामा

हे सुमनला माहीत नाही. शोभाला नाही, मुलाला नाही, रोज सकाळी रंकाळ्यावर माझ्यासोबत फेरी मारणाऱ्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, मलाही ते नीटसं कळलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका कॉलेजात वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. मराठीचा निवृत्त शिक्षक म्हटला की असली बोलावणी येतातच. विषय होता, इंटरनेटवर बंधनं हवीत की नकोत. एक मुलगी तावातावानं विचारत होती — अश्लील काय, हे ठरवणार कोण? टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून गुणपत्रिकेवर रेघोट्या ओढत बसलो. कोण ठरवणार? अगं पोरी, मी ठरवलं होतं. घरात पायजम्यावरच, चहा पिता पिता.

शोभा आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करते. ब्लाउज कसा बेतायचा त्याचे व्हिडिओ मोबाईलवर काढून टाकते. तोंडानं फटकळ, पण हाताला सफाई अशी की कागलपासून शिरोळपर्यंतच्या बायका तिचं चॅनल बघतात. दीड वर्षापूर्वी तिनं एक वेगळा व्हिडिओ टाकला. कॅन्सरमुळे एका बाजूचा स्तन काढावा लागलेल्या बाईनं ब्लाउज कसा शिवून घ्यावा, आतून कप्पा कुठं लावावा, त्यात काय भरावं — पुतळ्यावर तिनं सगळं दाखवलं. लाजली नाही, कुजबुजली नाही. आणि शेवटी म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या एका वैनींसाठी पयला शिवला. वरीसभर घराभाईर न्हवत्या पडल्या, मग एका लग्नाला गेल्या बगा!"

त्या वैनी म्हणजे माझी बायको, सुमन.

नाव घेतलं नव्हतं. पण गल्ली ती केवढी? कुणाच्या घरात ऑपरेशन झालं, हे लपतं का? उद्यापासून लोक माझ्याकडे बघतील आणि मनात — नको, ते लिहायलाही लाज वाटते. सुमनच्या अब्रूचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. सुमनला मी विचारलंसुद्धा नव्हतं. अब्रू माझी होती.

व्हिडिओखाली तक्रार करायची सोय असते. कारण निवडायचं असतं. मी 'अश्लील' निवडलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर — पण थांबलो नाही. निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि लिहिलं, 'लेकीबाळी बघतात, सर्वांनी तक्रार नोंदवावी.' माझ्या शब्दाला तिथं मान आहे. कुणी व्हिडिओ उघडून बघितला असेल, असं मला वाटत नाही. संध्याकाळपर्यंत 'केली', 'केली' अशी उत्तरं येत राहिली. दोन दिवसांत शोभाचं अख्खं चॅनल बंद झालं.

आणि शोभा आली ती माझ्याकडेच. "सर, विंग्रजीत अर्ज करायचा हाय म्हणं. मी सांगतो, तुमी लिवा. पयलं लिवा — मी कायबी चूक केली न्हाय. ह्ये आजारी बायकांसाठी हाय. घाण बघणाऱ्याच्या डोळ्यात हाय, व्हिडिओत न्हाय!"

सुमन शेजारीच उभी होती. "कुणी केलं असंल ओ ह्ये? त्याच्या घरात बायका न्हाईत काय?" ती म्हणाली. मी मोबाईलमधून मान वर काढली नाही. नंतर कळलं, व्हिडिओतलं गल्लीतल्या वैनींचं ते शेवटचं वाक्य शोभानं सुमनला विचारूनच घातलं होतं.

मी काय लिहिलं असेल? लिहिलं — माझ्याकडून चूक झाली, तो व्हिडिओ अयोग्य होता, तो काढून टाकावा, पुन्हा असं होणार नाही. शोभाच्या नावानं, तिच्या समोर बसून. वाचून दाखवताना मात्र तिचीच वाक्यं मराठीत म्हणालो, एकही न गाळता.

चॅनल परत मिळालं, तो एक व्हिडिओ सोडून. उत्तराच्या खाली एक ओळ होती — पुन्हा असं काही टाकल्यास चॅनल कायमचं बंद. ती मी वाचून दाखवली नाही. शोभानं पेढे आणले. सुमन गल्लीभर सांगत सुटली, आमच्या ह्यांनी अर्ज लिहिला म्हणून झालं. मी पेढा खाल्ला.

गेल्या रविवारी शिरोळची एक बाई पत्ता शोधत शोभाच्या दुकानात आली. तिला तो व्हिडिओ बहिणीला दाखवायचा होता, आता सापडत नव्हता. बहीण ऑपरेशननंतर उंबऱ्याबाहेर पडत नाही, म्हणाली. सुमन तिथंच होती. घरी येऊन मला म्हणाली, "परत काढूया त्यो व्हिडिओ. पुतळा नको. मी बसतो, माझं तोंड दिसू दे, नावबी घालू दे. तुमी मोबाईल धरा."

चॅनल कायमचं बंद होण्याची ती ओळ तेव्हाच सांगायला हवी होती. पण मग ती दीड वर्ष का लपवली, अर्जात काय होतं, सगळंच सांगावं लागलं असतं. मी मोबाईल धरला.

सुमन खुर्चीत ताठ बसली. पदर नीट केला, नाव सांगितलं, आणि ऑपरेशनपासून बोलायला सुरुवात केली. तिचा आवाज जरासुद्धा कापत नव्हता.

"सर, हात हलतोय तुमचा," शोभा मधेच म्हणाली. "नीट धरा की!"

सुमन हसली. "ऱ्हाऊ दे गं. माझ्या काळजीनं हलतोय."

मी 'व्हय' म्हणालो.