वानवळ्याचं डांगर

वहिनी गेल्याचं मला कोपरा फाडलेल्या कार्डावरून कळलं. खर्ड्याजवळच्या आमच्या गावाहून ते नगरला पोचेपर्यंत तीन दिवस गेले. तोवर सगळं आटोपलं होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. थोरल्या भावाच्या या बायकोनं मला वाढवलं, शाळेत धाडलं आणि घरातला पहिला बी.ए. म्हणून गावभर मिरवलं. तिचे उपकार लिहावेत म्हणून बसलो, तर आठवतात ती आमची भांडणं... तीही डांगरावरून.

विहिरीच्या थारोळ्याखाली, मोटेचं पाणी पडून वाहायचं तिथं, तिचा भाजीचा तुकडा होता. वांगी, मिरच्या, आणि बांधावर लाल भोपळ्याचे वेल. आम्ही त्याला डांगर म्हणतो. लढाईची वर्षं होती, दुकानात काही धड मिळत नसे. घरातल्या सात माणसांचं कालवण या तुकड्यावरच भागे. पण वहिनीची रीत अशी, की वेलावरचं पहिलं, सगळ्यांत मोठं डांगर वानवळा म्हणून शेजारी जायचं, दुसरं बहिणीकडं, तिसरं आणखी कुणाकडं. उरलेलं आम्ही खायचो. आणि बी धरायची ती अगदी शेवटी राहिलेल्या, वाकड्या, अर्धकच्च्या फळाचं. दर वर्षी डांगरं लहान होत चालली होती, आणि हे फक्त मलाच दिसत होतं.

मी तेव्हा नगरला हायस्कुलात होतो. सुट्टीत आलो की डोकं आपटायचो. "वहिनी, चांगल्याचं बी धर."

"आन् लोकास्नी वाकडं देऊ? तुमच्या बुकात वानवळा न्हाई व्हय, भावजी?"

"बुकात शेती आहे."

"मग बुकातच पेरा की!"

एका वर्षी मी सगळ्यांत चांगल्या डांगराला चिंधी बांधली आणि हे तोडायचं नाही, अशी तिला शपथ घातली. दिवाळीला आलो तर डांगर शेजारच्या अमीनाचाचीकडं गेलेलं. "चिंधी धुऊन ठेवलीया तुमची," वहिनी म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

पुढं मी कॉलेजात असताना एका वर्षी निम्मं बी उगवलंच नाही. जे उगवलं त्याला मुठीएवढी फळं धरली. त्या हिवाळ्यात घरात भाकरीबरोबर नुसता ठेचा होता. वहिनीला त्याचं फार काही वाटलं नाही. पण वानवळा द्यायला काही नाही, म्हणून ती विहिरीवर बायकांची नजर चुकवायला लागली. शेवटी अमीनाचाचीच डोक्यावर हे थोरलं डांगर घेऊन दारात आली. "रडतीस कशाला? तुज्याच वानवळ्याचं बी धरत आले मी. घे."

भावानं गावातल्या मास्तरांकडून लिहवून हे मला कळवलं. मी उलट टपाली लिहिलं : 'मी सांगत होतोच.' घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. ते पत्र मास्तरांनी तिला चार माणसांत वाचून दाखवलं... तिची चूक खरीच होती. पण आमचं बी वाचलं ते त्याच चुकीमुळं, हे दोन परीक्षा पास झालेल्या मला सुचलं नाही. नंतर सुचलं, तेव्हाही मी तिला ते कधी सांगितलं नाही. त्या वर्षापासून ती बियासाठी एक चांगलं फळ राखू लागली, आणि मी जिंकलो असं समजून चाललो.

दहाव्याला गेलो तेव्हा माळ्यावर दोन डांगरं होती. मोठ्यावर चुन्याचं बोट ओढलेलं. "हे बियाचं ना?" मी विचारलं.

"बियाचं त्ये धाकलं," भाऊ म्हणाला. "ह्ये तुजं. नगरला जानारं कुनी गावलं की धाडायचं म्हनत हुती."

म्हणजे शिकली ती अर्धंच! मला तिथंच तिचा राग आला, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

ते डांगर आता नगरच्या माझ्या खोलीत आहे. सबंध डांगरावर पहिला वार पुरुषानं करायचा ही आमच्यातली रीत, म्हणून बायको तीन आठवडे माझ्यासाठी थांबली आहे. मी सुरी घेऊन बसतो. चुना वाळला आहे, पण त्यात तिच्या बोटाच्या रेषा अजून दिसतात.