नाकीडोळी नीटस

चित्रातल्या बाईला एकच डोळा आहे, तोही पार कानापर्यंत ओढलेला. नाक म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत मारलेला काळा फटकारा. अर्धा चेहरा हिरवा, अर्धा विटकरी. पण बसलीय अशी ऐसपैस, की प्रदर्शनाचं ते दालन तिच्या बापाचं वाटावं.

शेजारी उभे असलेले एक काका बायकोला म्हणाले, "अगं, निदान नाकीडोळी नीटस तरी काढायची ना!"

हे शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकले. मला पाहायला पाहुणे यायचे, तेव्हा पोह्यांच्या बशा पुढे करत आत्या हेच सांगायची, "रंग जरा सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस हो." आणि मी मान खाली घालून सतरंजीचे पट्टे बघत बसायचे. नाक माझं, डोळे माझे, पण पसंती दुसऱ्यांची! ही बाई त्या नीटसपणातून साफ सुटली होती.

काका अजून मान वाकडी करून तिचा दुसरा डोळा शोधत होते. मला राहवलं नाही.

"काका, ती दाखवायला नाही बसलेली," मी म्हटलं. "ती आपल्याला बघायला बसलीय."

काकांनी वर पाहिलं आणि नकळत शर्टाची कॉलर सारखी केली.