दुसऱ्याच्या गिरणीतलं पीठ

मत्सराचा एक फायदा असतो, आळशी माणूस कामाला लागतो. तोटा एवढाच की भलत्याच कामाला लागतो.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात पिठाची गिरणी एकच होती, आमची. आजोबांनी जमीन तारण ठेवून घातलेली, वडिलांनी चालवलेली आणि मला आयती मिळालेली. गिरणीच्या दगडांत आधीच्या दळणाचं पीठ थोडं अडकतं आणि पुढच्याच्या पिठात उतरतं. म्हणून बौद्ध वस्तीतलं दळण सगळ्यात शेवटी घ्यायचं, हा आजोबांचा नियम. माझ्या वर्गमित्राची आई सकाळी आणलेल्या डब्यापाशी दिवेलागणीपर्यंत बसून राहायची. पुढं मी तो नियम मोडला, असं सांगायला मला लई आवडलं असतं. मी फक्त त्याबद्दल बोलणं बंद केलं.

तो वर्गमित्र पंधरा वर्षं पुण्याकडच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करून परतला आणि त्यानं नवी गिरणी टाकली. तीही वस्तीच्या तोंडाशी, कारण पेठेत त्याला गाळा कुणी दिला नाही. एक गाळा माझाच रिकामा होता. तो दुसऱ्याला कबूल केलाय, असं मी त्याला सांगितलं. त्यात माझी मोडकी मोटारसायकल उभी होती.

त्याचं पीठ मी चिमटीत धरून बघितलं. फुंकर मारली तर उडून गेलं. माझं पीठ फुंकरीला दाद देत नसे. त्याला कुणी काही दिलं नव्हतं आणि मला सगळं मिळालं होतं, तरी पीठ असं. पोटात जे दुखायला लागलं, ते घेऊन मी मोबाईलवर व्हिडिओ बघत स्वतःच छिन्नी घेऊन गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला बसलो. तिसऱ्या घावाला दगडाचा टवका उडाला आणि गिरणी बंद पडली.

पोळा चार दिवसांवर आलेला आणि आमच्या गल्लीतल्या अकरा घरांचं दळण माझ्याकडं पडलेलं. पोती टेम्पोत घातली आणि शेताच्या वाटेनं त्याच्याकडं नेली. तुझी गिरणी बंद हाय म्हणून सांगून टाक की, असं तो म्हणाला. मी म्हणालो, गिऱ्हाईक तुटेल. त्यानं दळून दिलं.

पोळ्याला पोळ्या अशा झाल्या की बायका माझं कौतुक करायला आल्या. मी ते घेतलं. घेतलं ते घेतलं, वर दगड दुरुस्तच केला नाही. दोन महिने तो दळत होता आणि मी काट्यापाशी बसून नाव कमवत होतो.

मग एके दिवशी त्यानं बटणावरचा हात काढला. नुसत्या वस्तीच्या दळणावर गिरणी चालत नाही, म्हणाला. असंच राहिलं तर विकून परत कारखाना गाठावा लागेल.

"एक काम कर बे. पीठ माझ्या गिरणीतलं हाय म्हणून सांग तुझ्या गल्लीतल्यायला. न्हाई तर उद्यापासून पोती आणू नको."

मी थेट काकीकडं गेलो. आमच्या गल्लीत शब्द तिचा चालतो. दारात उभा राहून एका दमात सांगून टाकलं.

काकी पिशवीचं तोंड बांधत होती. म्हणाली, "ठाव हाय की. पोळ्यापासनं ठाव हाय. तुझ्या हातून येतंय तवर चालतंय. तू कावून बोंबलतो?"

खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. माझ्या हाताला एवढी किंमत आहे, हे मला ठाऊक नव्हतं. वर्गमित्राला हे सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. त्यानं माझी पोती उचलली आणि एकेक करून बाहेर आणून ठेवली.

गिरणी त्यानं विकली नाही. आता त्याचं पीठ गेवराईच्या एका दुकानदाराकडं जातं. तो ते पिशव्यांत भरतो, वर स्वतःचं नाव छापतो आणि आमची काकी खास माणूस पाठवून तीच पिशवी मागवते.

मला हल्ली त्या दुकानदाराचा हेवा वाटतो.